१०० दिवसांचं कोडिंग: आधी फोल्डरची नावं ठरवा

रोज थोडं कोडिंग करून वेब डेव्हलपमेंट शिकताय ना? मग पहिल्याच दिवसापासून रोजच्या फोल्डरला ००१, ००२ अशी तीन अंकी नावं द्या. नुसतं १, २ लिहिलं तर विंडोजमध्ये क्रम बरोबर दिसतो, पण गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) १ नंतर थेट १० येतो आणि २ कुठेतरी खाली जातो. फाइलची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांतच ठेवा, मधे स्पेस नको. विंडोजला अक्षर मोठं की छोटं याचा फरक पडत नाही, गिटहब पेजेसला (गिटहबवरच्या कोडची वेबसाइट दाखवणारी सेवा) पडतो. घरी दिसणारं चित्र तिथे दिसत नाही आणि नवशिक्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते!

आपल्या खान्देशात उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या फाइल मेनूतलं ऑटो सेव्ह चालू करून टाका. उठण्याआधी कमिट कराच, म्हणजे झालेले बदल छोट्या संदेशासह गिट या साधनात नोंदवा. संदेशात ‘अपडेट’ लिहू नका, ‘फ्लेक्सबॉक्सने केळीच्या भावाचा तक्ता मधोमध आणला’ असं लिहा (फ्लेक्सबॉक्स म्हणजे वेबपानावर गोष्टी मांडायची एक पद्धत). महिन्याने तिथेच अडलात की उत्तर तुमच्याच शब्दांत सापडेल. कमिटला इंटरनेट लागत नाही, रेंज आली की पुश करा, म्हणजे ते गिटहबवर चढवा.