नैराश्यातून उठताना स्वतःमागचा तगादा कसा थांबवावा

टायफॉइडचा ताप उतरला तरी पुढे महिनाभर मऊ भात, मेतकूट आणि "जिने चढू नकोस" चालतं. नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन मात्र आठवडा झाला की विचारणा सुरू, "अजून बरं वाटत नाही?" घरचे एकदा विचारतात, आपण स्वतःला दिवसातून दहादा.

आधी कॅलेंडरवर गोळी सुरू केल्याची तारीख लिहा. या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, झोपेचा घोळ असले त्रास आधी येतात, गुण मागून. त्यामुळे दहाव्या दिवशी ‘मला औषधही लागू पडत नाही’ असा निकाल लावू नका. त्रास फार होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मग कामांचे तुकडे पाडा, अगदी लाज वाटेल इतके लहान. ‘स्वयंपाकघर आवरणे’ हा डोंगर झाला. सिंकमधले दोन कप विसळणे, हे काम. आंघोळ होत नसेल तर तोंड धुऊन गाऊन बदला. इच्छा होण्याची वाट पाहू नका. या आजारात इच्छा कामाच्या मागून येते, तीही रोज नाही. उठायची वेळ तेवढी एकच ठेवा.

खरी गडबड होते ती चांगल्या दिवशी. माझा पहिला चांगला दिवस सातव्या आठवड्यातला रविवार. सकाळी चहाला चव लागली आणि मी हुरळून अख्खं कपाट पलंगावर रिकामं केलं. दुपारी तीनला, निम्म्या साड्यांच्या घड्या व्हायच्या होत्या तेव्हाच, मी त्या ढिगाशेजारी आडवी झाले. पुढचे चार दिवस ढीग पलंगावर आणि मी बाहेर दिवाणावर. तेव्हापासून चांगल्या दिवशी एकच खण, आणि अंगात जोर शिल्लक असतानाच थांबायचं. जिभेला चव आली की पथ्य मोडतं, तसंच हे.

वाईट दिवशी वहीत एक ओळ लिहा: किती झोपलो, काय जेवलो, घराबाहेर पडलो का. तुलना करायचीच तर तीन आठवड्यांपूर्वीच्या पानाशी करा, आजारापूर्वीच्या स्वतःशी नको. सलग दोन आठवडे घसरणच दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. कोणाला तरी जवळ बसवून घ्या आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

"आता बरी दिसतेस की!" म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तर तयार ठेवा: "हो, पण पथ्य चालू आहे." आमच्या आत्याबाईंना नैराश्य कधीच पटलं नाही, पथ्य लगेच पटलं.

पूर्ण बरं वाटल्यावरही गोळ्या साधारण ६ ते ९ महिने चालू ठेवायला सांगतात आणि मग डोस हळूहळू कमी करतात. तोवर भिंतीवर बहुधा दुसऱ्या वर्षाचं कॅलेंडर लागलेलं असतं. जुनं रद्दीत टाकू नका, डॉक्टर तारखा विचारतात.