वन्यप्राण्यांच्या संवर्धनात त्यांच्या परजीवींचा विचार कसा करावा

कॅलिफोर्निया कॉन्डोर या महाकाय गिधाडाची संख्या १९८७ मध्ये अवघी २७ उरली, तेव्हा रानातील शेवटचे पक्षीही पकडून बंदिवासातील प्रजननासाठी आणले गेले आणि त्यांच्या अंगावरील उवा कीटकनाशकाने काढून टाकण्यात आल्या. पक्षी वाचला आणि आज पुन्हा रानात आहे. पण केवळ त्याच्याच पिसांत राहणारी ‘कोल्पोसेफॅलम कॅलिफॉर्निसी’ ही ऊ त्यानंतर आढळलेली नाही. तिच्यामुळे कॉन्डोर धोक्यात आला होता असे कोणी म्हटले नव्हते. पकडलेला प्राणी आधी स्वच्छ करायचा, या रिवाजात ती गेली. प्राणिसंग्रहालय, बचाव केंद्र किंवा पुनर्वसन प्रकल्पात काम करणाऱ्यांनी बदलायचा आहे तो हाच रिवाज, म्हणजे पाहण्याआधी औषध देण्याचा.

परजीवी राखायचे कशासाठी, हा प्रश्न सहकारी हमखास विचारतात, म्हणून त्याचे उत्तर जवळ असावे. जपानमधील डोंगराळ ओढ्यांत केसासारखे बारीक, लांब कृमी आपल्या यजमान रातकिड्यांना (म्हणजे ज्यांच्या शरीरात ते वाढतात त्यांना) पाण्यात उडी घ्यायला लावतात, आणि हे किडे तेथील एका दुर्मीळ माशाच्या वर्षभराच्या ऊर्जेचा सुमारे ६० टक्के वाटा पुरवतात, असे तेथील अभ्यासात दिसले. कृमी नाहीसे झाले तर माशाचे हे मोठे अन्न हिरावले जाईल. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांमध्ये केलेल्या मोजणीत पर्णकृमींचे, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमींचे, एकूण जैववस्तुमान तेथील पक्ष्यांच्या तोडीचे भरले. ज्यांना आपण प्राण्याच्या अंगावरची घाण समजतो, ते जीव परिसंस्थेत कोण कोणाला खाईल आणि कोणाची संख्या किती वाढेल हे ठरवत असतात.

याचा अर्थ प्रत्येक परजीवी जपावा असा नाही. माणसात किंवा पाळीव जनावरांत गंभीर रोग पसरवणारे परजीवी या विचारातून वगळावेत, आणि बाहेरून आलेले तर नक्कीच. गालापागोस बेटांवर माणसामुळे पोहोचलेल्या ‘फिलॉर्निस डाउन्सी’ या माशीच्या अळ्या घरट्यातील पिलांचे रक्त पिऊन त्यांना मारतात. तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हा परजीवी या यजमानाबरोबर पूर्वापार राहत आलेला आहे, की नव्याने आलेला आहे? आणि लगेच दुसरा: तो याच एका जातीवर जगतो, की इतर यजमानांवरही? एकाच यजमानावर जगणाऱ्याला सर्वाधिक जपावे, कारण यजमान घटला की तोही घटतो. आसामातील अत्यंत दुर्मीळ पिग्मी हॉग या रानडुकरावरची ‘हेमॅटोपिनस ऑलिव्हेरी’ ही ऊ म्हणूनच धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

प्राणी हाती आल्यावर, कोणतेही औषध देण्यापूर्वी, नमुने घ्यावेत. केस किंवा पिसे बारीक कंगव्याने पांढऱ्या कागदावर विंचरून उवा, पिसवा आणि गोचीड गोळा करावेत आणि ते ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढे डीएनए तपासणी करता येते. फॉर्मॅलिनमध्ये जंतांची अंडी चांगली टिकतात, पण डीएनए खराब होतो. म्हणून विष्ठेचे दोन भाग करून दोन्ही पद्धतींनी जतन करणे शहाणपणाचे. अंडी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका दिवसाच्या नमुन्यावरून प्राणी जंतमुक्त आहे असा निष्कर्ष काढू नये. शिवाय अंडी शोधताना विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळून वर तरंगणारी अंडी पाहतात, पण पर्णकृमींची जड अंडी त्यात बहुधा तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी तळाशी बसणारा गाळ तपासावा लागतो. ही तपासणी घाईत वगळली जाते आणि मग अहवालात ‘परजीवी आढळले नाहीत’ असे लिहिले जाते, जे अनेकदा खरे नसते.

उपचार करायचाच असेल, तर तो कोणत्या प्राण्यावर आणि कशासाठी हे लिहून ठेवावे. नैसर्गिक समूहात बहुतेक परजीवी थोड्याच प्राण्यांत एकवटलेले असतात. अशक्त, रक्तक्षय झालेल्या किंवा परजीवींचा खूप भार असलेल्या प्राण्यांवर उपचार केले आणि बाकीच्यांना तसेच राहू दिले, तर प्राणीही सुधारतात आणि परजीवीची जातही टिकते. सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला जंतनाशक देणे सोपे असते, एवढाच त्याचा गुण. आयव्हर्मेक्टिनसारख्या जंतनाशकाचे अंश शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांनाही मारतात, हेही हिशेबात धरावे.

बंदिवासात मोठा अडथळा येतो तो अनेक यजमानांतून जीवनचक्र पूर्ण करणाऱ्या परजीवींचा. ज्या पर्णकृमीला आधी गोगलगाय, मग मासा आणि शेवटी पक्षी लागतो, तो पिंजऱ्यात राखता येत नाही; त्याच्यासाठी पाणथळ जागा आणि तिच्यातील गोगलगायीच राखाव्या लागतात. याउलट उवा थेट स्पर्शाने पसरतात, म्हणून पुनर्वसनासाठी सोडायच्या गटात त्या असलेले काही निरोगी प्राणी मुद्दाम ठेवता येतात. मात्र प्राणी त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर सोडायचा असेल, तर त्याचे परजीवी तेथील नव्या यजमानांवर चढण्याचा धोका आधी तपासावा आणि शंका असल्यास उपचार करूनच सोडावा.

मेलेला प्राणी पुरण्याआधी त्याचे शवविच्छेदन करून परजीवी संग्रहालयाकडे पाठवावेत. अमेरिकेतील प्यूजेट साउंड या खाडीतील माशांचे १८८० ते २०१९ या काळातील जपून ठेवलेले नमुने उघडून पाहिल्यावरच कळले की तीन किंवा अधिक यजमान लागणारे परजीवी तेथे दर दशकाला सुमारे ११ टक्क्यांनी घटत गेले होते. बाटलीतील चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी, कारण इथेनॉलमध्ये पेनाची शाई विरघळते. तिच्यावर यजमानाची जात, ठिकाण, तारीख, शरीराचा भाग आणि आधी दिलेले औषध नोंदवावे.