जुनी गाडी घेऊन पुण्याहून बेळगावकडे निघण्यापूर्वी

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात नोकरी करणारी निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव भागातली कितीतरी कुटुंबे गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाता यावे म्हणून एखादी जुनी मारुती 800, अल्टो, वॅगन आर किंवा सँट्रो विकत घेतात. सणाच्या दिवसांतली खासगी बसची भाडी पाहिली, तर या हिशेबात वावगे काही नाही. मात्र घरापासून कंपनीपर्यंतची रोजची दहा किलोमीटरची ये-जा आणि पुणे ते बेळगाव हा सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास या गाडीच्या दृष्टीने दोन वेगळ्या परीक्षा आहेत. शहरात महिनोन्‌महिने झाकून राहिलेला दोष माणसे आणि सामान भरून सलग दोन तास 80 च्या वेगाने गाडी पळवली की हमखास वर येतो, आणि तो नेमका कराडच्या पुढे रात्री साडेअकराला वर येतो.

तयारीचा पैसा कुठे घालावा हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या गाडीचे लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते रबर, आणि गाडीतले पातळ पदार्थ. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची बऱ्यापैकी निगा राखली असेल तर ते पंधरा वर्षांनंतरही ठणठणीत असू शकतात. पण होज पाइप, पट्टे, टायर, ब्रेकमधली रबरे, बुश आणि वायपर यांचे आयुष्य किलोमीटरपेक्षा वर्षांवर मोजावे लागते. त्यामुळे ‘एकहाती, डॉक्टरांची गाडी, फक्त तीस हजार चाललेली’ असे विक्रेत्याने सांगितले तर हुरळून जाऊ नये. दहा वर्षे दारात उभी राहिलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा लांबच्या प्रवासाला अधिक जोखमीची असते, हे माझे ठाम मत आहे. गाडी लाखाला मिळाली असेल तर आणखी पंधरा-वीस हजार रुपये दुरुस्तीसाठी बाजूला आहेत असे धरूनच व्यवहार करावा, आणि सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम व रंग यांचा विचार गावाहून परत आल्यावर करावा.

दुसरी गोष्ट वेळेची. काम प्रवासाच्या महिनाभर आधी सुरू करावे आणि निघण्याच्या निदान आठ दिवस आधी पुरे करावे. नव्याने बसवलेली क्लिप पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सैल होते, नवा पट्टा ताणून ढिला पडतो, एखादा नट मेस्त्रीच्या हातून अर्धवट आवळलेला राहतो. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून आणलेली गाडी पहाटे थेट महामार्गावर काढणे म्हणजे ही सगळी चाचणी घरच्यांना सोबत घेऊन करणे होय. दुरुस्ती झाल्यावर एखाद्या रविवारी एकट्याने पुण्याहून खंबाटकी चढून परत यावे. तेवढ्या फेरीत वेगही होतो, चढही होतो आणि परत आल्यावर गाडीखाली काय ठिबकते तेही दिसते.

सर्वाधिक लक्ष इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे, कारण जुन्या छोट्या गाड्या वाटेत बंद पडण्याचे ते एक मोठे कारण आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून आत पाहावे. पाणी हिरवे, निळे किंवा लालसर पण स्वच्छ असेल, तर कूलंट आहे. तांबूस गढूळ असेल, तर आधीच्या मालकाने नळाचे पाणी भरत गाडी चालवली आहे आणि आतून गंज धरला आहे. अशा वेळी सगळे पाणी काढून यंत्रणा धुऊन घ्यावी आणि निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण भरावे. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात पाणी मिसळू नये. रेडिएटरचे झाकण स्वस्त असते, ते बदलूनच टाकावे. त्याची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण ढिले पडले की चांगल्या इंजिनाचेही पाणी उडते. होज पाइप दोन बोटांत दाबून पाहावेत. दगडासारखे कडक झालेले, दाबल्यावर बारीक भेगा दाखवणारे किंवा तोंडापाशी फुगलेले पाइप क्लिपांसकट बदलावेत.

त्यानंतर इंजिन सुरू करून, एसी बंद ठेवून, गाडी जागेवरच उभी ठेवावी आणि रेडिएटरचा पंखा केव्हा लागतो याची वाट पाहावी. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या जरा वर गेला की पंखा स्वतःहून सुरू झाला पाहिजे आणि थोड्या वेळाने स्वतःहून बंदही झाला पाहिजे. इंजिन सुरू करताच पंखा फिरू लागला आणि थांबतच नसेल, तर कोणीतरी तो थेट जोडून मूळ दोष झाकला आहे असे समजावे. काही मेस्त्री गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकतात. तो इलाज नव्हे, नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ फेस दिसत असेल, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधली सीलबंद पट्टी, फाटल्याचा संशय घ्यावा आणि तो दोष निस्तरेपर्यंत प्रवासाचा बेत रहित करून सरळ बसचे तिकीट काढावे.

इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टबद्दल जुन्या मालकाच्या सांगण्यावर विसंबू नये. जुन्या मारुती 800 आणि जुन्या सँट्रोच्या इंजिनात हा रबरी पट्टा असतो आणि तुटण्यापूर्वी तो बहुधा कसलीही सूचना देत नाही. कधी बदलला याचे बिल हाती नसेल तर बदलून घ्यावा, आणि तेवढे खोललेच आहे तर वॉटर पंपही पाहून घ्यावा, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. ज्या इंजिनात पट्ट्याऐवजी चेन असते तिथे हा खर्च वाचतो. पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी तपासाव्यात. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांची रबरे त्यासाठी बनवलेली नाहीत, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तो ‘जुन्या गाडीला येतोच’ म्हणून सोडून देऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत पॅड आणि लायनर सगळेच पाहतात, ब्रेक ऑइल मात्र क्वचितच कोणी पाहते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तसतसा त्याचा उकळबिंदू खाली येतो: डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल निदान 205 अंशांपर्यंत टिकते, ओलावा धरल्यावर त्याची मर्यादा 140 अंशांवर येते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले की ही उष्णता सहज गाठली जाते, ऑइलमध्ये वाफेचे फुगे होतात आणि पेडल एकाएकी तळाला जाते. टाकीतले ऑइल चहासारखे काळपट दिसत असेल तर सगळे काढून नवे भरावे आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्यावी. मागचे ड्रम उघडून सिलिंडरपाशी ओल आहे का तेही पाहावे; तिथली रबरे गळत असतील तर नवे लायनर बसवूनही उपयोग होत नाही.

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षे उलटलेला आणि बाजूने तडे गेलेला टायर महामार्गावर नेऊ नये. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की खाचांमधल्या उंचवट्याच्या खुणा पृष्ठभागाला टेकतात, परंतु पावसाळ्यात तिथपर्यंत वाट पाहू नये. चारही टायर घेण्याइतके पैसे नसतील तर निदान एकाच आसावरचे दोन एकाच प्रतीचे घ्यावेत. स्टेपनीचे सालही वाचावे. जुन्या गाडीत ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते. हवा टायर थंड असताना भरावी. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठीचा दाब वेगळा दिलेला असतो, तोच धरावा.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दाखवत असेल तर काळजी नाही. दिव्यांकडे मात्र सीमाभागात जाणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की कागल, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या टापूत रात्री उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे दिवा नसताना निवांत चाललेल्या असतात, आणि पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. काचा घासून स्वच्छ करून घ्याव्यात, दिव्यांचा झोत नीट लावून घ्यावा, आणि शक्य तर निपाणीच्या पुढचा प्रवास उजेडीच उरकावा. गणपतीत जाणाऱ्यांची अडचण निराळी असते. त्या दिवसांत खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला पाऊस कधी कधी थांबायचे नाव घेत नाही. त्यामुळे वायपरचे रबर नवे हवे, आतल्या काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर चालू हवा आणि दारांच्या खालची पाणी निघण्याची भोके मोकळी हवीत.

कागदपत्रांत खरेदीच्या घाईत राहून जाते ते नाव बदलण्याचे काम. फॉर्म 29 आणि 30 वर केवळ सह्या घेऊन ठेवणे म्हणजे गाडी नावावर होणे नव्हे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, विमा आणि थकीत चलने पाहून घ्यावीत. नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांपुरती असते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. विमा आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून स्वतःचा लावावा; खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी आणि हत्तरगी इतके नाके वाटेत आहेत, आणि दर ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नाही. सणापुरती महाराष्ट्राची पाटी असलेली गाडी गावी नेण्यास काही आडकाठी नाही. परंतु गाडी वडिलांना वापरायला गावीच ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, आणि कर्नाटकचा कर लागतो. हा कर जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने जड वाटू शकतो, म्हणून तो आधी विचारून घ्यावा आणि मगच गाडी कुणासाठी घ्यायची ते ठरवावे.

सोबत जॅक, चाकाचा पाना, फॅन बेल्ट, फ्यूज, एक-दोन बल्ब, होजच्या क्लिपा, लिटरभर इंजिन ऑइल, कूलंट, पाण्याचा कॅन आणि ओढायचा दोर असावा. जॅक आहे एवढ्यावर समाधान न मानता घरीच एकदा चाक काढून बसवून पाहावे, कारण जुन्या गाड्यांचे नट गंजून इतके घट्ट बसलेले असतात की डब्यातल्या आखूड पान्याने ते हलत नाहीत.

निघाल्यावर वेग 80 च्या आसपास ठेवावा आणि दर दीड-दोन तासांनी थांबावे. थांबल्यावर दहा मिनिटांनी, गाडी सपाट जागी उभी असताना, डिपस्टिक पुसून ऑइल पाहावे. जुने इंजिन एवढ्या अंतरात ऑइल पिऊ शकते. रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली असली की वेग पडतो आणि गाडी तापू लागते. काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम करावा आणि त्याचा पंखा जोरात लावावा. आतल्यांना घाम फुटतो, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते आणि सावलीची जागा गाठता येते. तरीही काटा लाल खुणेकडे जात राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. काही छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की पुढच्या पंपापर्यंत जाऊ असे म्हणू नये.

जाताना तवंदीचा घाट चढायचा असतो, त्यामुळे परीक्षा इंजिनाची होते. परतताना हाच घाट निपाणीकडे उतरायचा असतो, आणि तेव्हा गाडीत तांदळाची पोती, नारळ, काजू आणि गावाकडून आलेले एखादे माणूस जास्त असते. जड सामान डिकीत मागे न रचता मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवावे, टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा आहे याची खात्री करावी, आणि घाट लागण्यापूर्वीच तिसरा गिअर टाकून इंजिनाच्या धरणीवर गाडी उतरवावी. ब्रेक अधूनमधून दाबून सोडावेत, सतत टेकून ठेवू नयेत. करपल्याचा वास आला तर उतार संपण्याची वाट न पाहता कडेची सुरक्षित रुंद जागा पाहून लगेच थांबावे आणि चाके निवू द्यावीत. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नये.