सीपीआर चालू असताना घड्याळ कोणाच्या हातात?

रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत अनेकदा एक ड्यूटी डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढीच माणसं असतात. दाबाची खोली दाखवणारं यंत्र नसतं. तरीही सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं, नीट होतोय का, हे मोजता येतं. त्यासाठी एकाच्या हातात घड्याळ आणि केसपेपर द्या. औषधांची वेळ तोच लिहील, पण छातीला आणि अम्बू बॅगला (हाताने पिळून श्वास द्यायच्या पिशवीला) हात लावणार नाही. हात कमी पडतात म्हणून आधी याच माणसाला दुसऱ्या कामाला लावलं जातं, आणि चुकतं ते इथेच. दाबणाऱ्याला स्वतःचा वेग कळत नाही, थकवा तर त्याहून उशिरा कळतो.

आधी पलंग बघा. चाकांचे ब्रेक लावा, पाठीखाली टणक फळी सरकवा, हवेची गादी असेल तर हवा सोडा. गादी दबते तेव्हा छातीच दबतेय असं वाटतं. छातीवर ठेवायचं मोजणी यंत्र असलं तरी गादीचं दबणं ते खोलीत धरू शकतं. पलंग उंच असेल तर पायाखाली स्टूल घ्या. कोपर वाकलं की खोली गेलीच.

वेग मिनिटाला 100 ते 120. घड्याळवाल्याने 15 सेकंदांचे दाब मोजावेत: 25 ते 30 आले तर ठीक. मोबाइलवर 110 चा मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप) लावला तर काम सोपं होतं. गडबडीत वेग बहुधा वाढतो, आणि वेग वाढला की खोली कमी होते. मोठ्या माणसात खोली किमान 5 सेंमी हवी, 6 च्या पुढे नको. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली पाहिजे. हे बघायला बाजूने वाकून तळहाताकडे पाहा. थकलेला माणूस छातीवर रेलतो आणि हृदयात रक्त भरायला जागाच उरत नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, "मी दमलो नाही" म्हणाला तरी.

सगळ्यात जास्त नुकसान थांबण्याने होतं. नाडी बघायला, श्वासनलिकेत ट्यूब टाकायला, शॉकच्या आधी, असे थोडे थोडे सेकंद जातात. प्रत्येक थांबा लिहा, 10 सेकंदांच्या आत ठेवा. दाब चालू असतानाच डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) चार्ज करा. शॉक दिला की नाडी न बघता लगेच दाबायला लागा. हिशोब सोपा आहे: 10 मिनिटं म्हणजे 600 सेकंद. थांबे मिळून 90 सेकंद झाले तर दाबाचा वेळ 510, म्हणजे 85 टक्के. 60 टक्क्यांच्या खाली अजिबात नको, 80 च्या वर ठेवायचा प्रयत्न करा.

ट्यूब नसेल तर 30 दाबांना 2 श्वास. ट्यूब असेल तर दर 6 सेकंदांनी एक, दाब न थांबवता. छाती उचललेली दिसली की पुरे, पूर्ण बॅग पिळू नका. जास्त श्वासांनी छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारं रक्त अडतं.

कॅप्नोग्राफ असेल तर ईटीसीओटू, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, बघा. रेष सपाट असेल तर आधी ट्यूब जागेवर आहे का, नळीत पाणी साचलंय का, ते तपासा. आकडा 10 च्या खाली राहिला तर श्वास जास्त होतायत का पाहा, मग दाब सुधारा, माणूस बदला. एकदम 35-40 वर गेला तर रक्ताभिसरण परतलं असण्याची शक्यता आहे. मात्र सोडाबायकार्बच्या इंजेक्शनमुळेही आकडा थोडा वेळ चढतो. दाबताना मांडीत लागणाऱ्या नाडीवर विसंबू नका. ती शिरेतलीही असू शकते.

पावसाळ्यात मण्यार चावलेला पेशंट श्वास बंद पडून येतो. तिथे सुरुवातीपासून श्वास तितकेच महत्त्वाचे. डोळ्यांतल्या मोठ्या, स्थिर बाहुल्या बघून प्रयत्न सोडून देऊ नका. विषाच्या लकव्यानेही बाहुल्या तशा होतात.

केस संपली की तिथेच पाच मिनिटं थांबून कागद वाचा: सगळ्यात मोठा थांबा कोणता, आणि कशामुळे? पुढच्या ड्यूटीला तो कागद फळीशेजारी टाचून ठेवा, नाव-नंबर खोडून.