फायबर प्रिंट सपाट करायला हीट प्रेस घ्यायचीय? मग आधी हे बघा

डार्करूममध्ये फायबर पेपरवर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) प्रिंट काढणाऱ्यांना हा अनुभव असणारच, रात्री ट्रेमध्ये झकास दिसणारी प्रिंट सकाळी जाळीवर बघावी तर चारही बाजूंनी वळलेला पापड. पेपरवरचा जिलेटिनचा थर वाळताना खालच्या कागदापेक्षा जास्त आखडतो म्हणून प्रिंट आतल्या बाजूला वळते, आणि हवा जितकी कोरडी तितकी जास्त, त्यामुळे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत तर नळीच होते. जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवून थोडा फरक पडतो पण पूर्ण सपाट होत नाही, फ्रेममध्ये घातली की लाटा दिसतातच. (आरसी पेपरवाल्यांनी हे वाचायची गरज नाही, तो तसाही सपाट वाळतो आणि त्यावर प्लास्टिकचा थर असतो, जास्त गरम झाला तर वितळून वाट लागेल.)

यासाठी खरं मशीन म्हणजे ड्राय माउंटिंग प्रेस, म्हणजे फोटो उष्णतेने बोर्डवर चिकटवायची प्रेस. अमेरिकेत सील आणि इंग्लंडमध्ये अॅडेम्को कंपनीच्या जुन्या प्रेस लोक अजून वापरतात, आणि मिळाली तर डोळे झाकून घ्यावी असं म्हणणार होतो पण नको, डोळे उघडे ठेवूनच घ्या. अमेरिकेतून कुणी आणून दिली तर ती बहुतेक ११० व्होल्टची असणार, म्हणजे वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला, तोही हीटरचा लोड झेपेल असा मोठा. फार जुन्या मशीनच्या आत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा उघडून खरवडत बसू नका. आपल्याकडे सहज काय मिळतं तर टीशर्ट छापायची सब्लिमेशन प्रेस, धंदा बंद केलेल्यांकडून सेकंडहँड तर बऱ्याच वेळा मिळते, आणि आपल्या कामाला ती पुरते. फक्त दुकानदार ज्या गोष्टींचं कौतुक सांगतो त्या आपल्याला लागत नाहीत. तो म्हणणार २०० डिग्रीला किती पटकन जाते बघा. आपल्याला लागतात ८० ते ९५ डिग्री. म्हणजे वेग नको, कमी तापमानावर स्थिर राहणं हवं आणि सगळी प्लेट सारखी तापायला हवी.

साइज आधी ठरवा कारण नंतर बदलता येत नाही. १५ बाय १५ इंची प्रेसमध्ये ८ बाय १० आणि ११ बाय १४ आरामात बसतात, माझं नव्वद टक्के काम तेवढ्यातच होतं. १६ बाय २० काढत असाल तर एक गंमत लक्षात ठेवा, ४० बाय ५० सेंटिमीटरची प्रेस ऐकायला तेवढीच वाटते पण १६ बाय २० इंच म्हणजे ४०.६ बाय ५०.८ सेंटिमीटर, म्हणजे कड बाहेर राहते. मोठी प्रिंट दोनदा फिरवून दाबता येते पण प्लेटच्या काठाची रेघ उमटायची भीती असते, म्हणून प्रिंटच्या खाली-वर प्लेटपेक्षा मोठे माउंट बोर्ड (जाड पुठ्ठे) घ्यायचे म्हणजे काठ थेट लागत नाही.

मग क्लॅमशेल की स्विंग? क्लॅमशेल मगरीच्या जबड्यासारखी उघडते, जागा कमी खाते आणि स्वस्त असते, पण बंद होताना मागची बाजू आधी टेकते आणि जाड बोर्डचं सँडविच घातलं की मागे जास्त दाब, पुढे कमी. शिवाय गरम प्लेट हाताच्या वरच असते. स्विंगमध्ये वरची प्लेट बाजूला फिरते आणि सरळ खाली येते, आपल्या कामाला हीच बरी, फक्त बाजूला हात फिरायला जागा ठेवावी लागते, आणि बाथरूममध्ये डार्करूम करणाऱ्यांकडे तीच नसते हे मला माहितीय. दोन्ही प्रकार चांगले जड असतात, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका.

घेताना दुकानातच चालू करायला लावा, आणि मी सांगतो ते न लाजता करा. ९० वर सेट करून वीस मिनिटं थांबायचं. स्वस्त कंट्रोलर पहिल्यांदा तापताना सेट केलेल्याच्या वर उडी मारतात आणि मग हळूहळू खाली येतात, ती उडी किती आहे आणि नंतर आकडा टिकतो का ते बघायचं. आकड्यावर विश्वास नको, आपलं मोजायचं. इन्फ्रारेड गन चकचकीत अॅल्युमिनियमवर चुकीचं, कमी तापमान दाखवते, म्हणून प्लेट गार असतानाच मध्ये आणि चार कोपऱ्यांत मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा आणि तापल्यावर त्यावर नेम धरा. मल्टिमीटरला थर्मोकपल (तापमान मोजायची बारीक वायर) असेल तर अजून उत्तम, ते दोन बोर्डांच्या मधेच सरकवता येतं. कोपऱ्यात पाच-सात डिग्री कमी असेल तर चालतं, वीस असेल तर सोडून द्या.

दाबासाठी साध्या कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांत ठेवून प्रेस बंद करा आणि एकेक ओढा, एखादी सहज निघाली तर तिथे प्लेट टेकत नाही. दाब तसा हलकाच हवा, टीशर्टवाला हँडलवर लोंबकळतो तसा नाही, जास्त दाबलं तर मधे अडकलेला धुळीचा कणसुद्धा प्रिंटवर कायमचा उमटतो. आणि घरी १६ अँपियरचा मोठा सॉकेट आहे ना बघा, १५ बाय १५ ची मशीन साधारण १४०० ते १८०० वॅट खाते, मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशनवर लावायची वस्तू नाही ही.

आता वापरायची कशी, कारण मशीन चांगली घेऊनही प्रिंट घालवता येते, मी घालवलीय. जुलै महिना, बाहेर धो-धो पाऊस, मी कपाटातला माउंट बोर्ड काढला, प्रिंट मधे ठेवली आणि दाबली. बोर्डने पावसाळ्यातला ओलावा भरपूर पिऊन ठेवला होता, गरम झाल्यावर ती वाफ जिलेटिनमध्ये गेली, ते मऊ पडलं आणि प्रिंट वरच्या कागदाला चिकटली. सोडवताना आकाशाचा अर्धा भाग गेला. तेव्हापासून आधी नुसतेच बोर्ड प्रेसमध्ये मिनिटभर दाबायचे, उघडून वाफ जाऊ द्यायची, परत दाबायचे, असं दोन-तीनदा. मग खाली बोर्ड, त्यावर प्रिंट, इमल्शनच्या, म्हणजे जिलेटिनच्या थराच्या, बाजूला स्वच्छ सिलिकॉन रिलीज पेपर (न चिकटणारा कागद), वर दुसरा बोर्ड. मशीनबरोबर येणारं टेफ्लॉनचं कापड प्रिंटला लावू नका, त्याची वीण ग्लॉसी पेपरवर छापली जाते. बोर्ड आम्लमुक्त घ्या, आणि नीट न धुतलेली, फिक्सर (फोटो पक्का करायचं रसायन) राहिलेली प्रिंट आत घालू नका, ती बोर्ड खराब करते आणि मग तो बोर्ड पुढच्या प्रिंटा खराब करतो.

बोर्ड कोरडे हवेत, पण प्रिंट मात्र एकदम कडकडीत वाळलेली असेल तर जबरदस्तीने सपाट करू नका, इमल्शनला तडे जातात. मागच्या बाजूने ओलसर स्पंज अगदी हलका फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ९० डिग्रीला एक-दीड मिनिट. जाड पेपरला दोन.

बाहेर काढली की लगेच जाड काचेखाली ठेवायची, हा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात प्रेसचा काही उपयोग नाही. गरम प्रिंट टेबलावर मोकळी सोडली की गार होता होता परत वळते, काचेखाली पाच मिनिटं पूर्ण गार होऊ दिली तर तशीच राहते. मी जुन्या टीपॉयची काच वापरतो, कडा घासून घेतल्यात, वर दोन डिक्शनऱ्या.