फिल्म बघण्याआधी केमोची तारीख विचारा

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की सोलापुरात घरटी एक जण खोकत असतो. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला असताना अशाच एका संध्याकाळी माझ्यापुढे छातीचा एक्सरे आला. विड्या वळणाऱ्या एक मावशी, स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू. कागदावर 'सर्दी, कणकण' एवढंच लिहिलेलं. फुप्फुसं स्वच्छ दिसली. मी 'नॉर्मल' लिहून पुढचा एक्सरे घेतला. तीन दिवसांनी त्याच मावशी ऑक्सिजन लावून सीटीच्या टेबलावर होत्या. दोन्ही फुप्फुसांत पांढुरकं धुकं पसरलेलं, आणि घशाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा निघाला.

एक्सरे मी चुकीचा वाचला नव्हता, तो खरंच स्वच्छ होता. केमोचा शेवटचा डोस कधी झाला, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. तो झाला होता बरोबर दहा दिवसांपूर्वी.

बहुतेक केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली गेल्या की संसर्गाचा नेहमीचा चेहराच बदलतो. पिवळा बेडका येत नाही, कारण पू व्हायला पेशीच उरलेल्या नसतात. एक्सरेवरची सावलीही बऱ्याच अंशी आपल्याच पेशींची आणि स्रावाची असते, त्या नसतील तर सावली पडणार कशाची? म्हणून अशा रुग्णाच्या स्वच्छ एक्सरेवर फारसं विसंबू नका. ताप आणि दम असेल तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारीक कापांचा सीटी, सुचवा.

लक्षणं विचारायचीही एक पद्धत आहे. "ताप आहे का?" असं विचारलं की मावशी म्हणतात, "न्हाई ओ, नुसती कणकण." मग विचारायचं, "तापाची गोळी शेवटची कधी घेतली?" उत्तर हमखास "सकाळीच" असं येतं. न्यूट्रोफिल पडलेल्या माणसात एकदा 101 फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला 100.4, ही तातडीची बाब असते. स्टेरॉइड चालू असेल तर तेवढाही ताप दिसत नाही. नाक गळून चार दिवस झाले आणि आता जिना चढताना थांबावं लागतंय, हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. वरचा संसर्ग खाली उतरतोय.

आता सीटी. फुप्फुसातल्या पांढुरक्या धुक्याला आम्ही ग्राउंड ग्लास म्हणतो, म्हणजे बाथरूमच्या खिडकीची दुधी काच. तिच्याआडून रक्तवाहिन्या दिसत राहतात. कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे फुप्फुस भरून घट्ट झालं की, त्या बुडून जातात. विषाणूच्या न्यूमोनियात ही काच बहुतेक दोन्हीकडे, ठिगळाठिगळांनी दिसते. सोबत श्वासनलिकांच्या भिंती जाड आणि ट्री-इन-बड, म्हणजे कळ्या धरलेल्या तुरीच्या शेंड्यासारखे बारके दाणे, असं चित्र असेल तर आरएसव्हीसारख्या (सर्दी-खोकल्याचा एक विषाणू) नलिकांत बसणाऱ्या विषाणूकडे कल जातो. कोविडमध्ये काच कडेला आणि खालच्या भागात जास्त असते. अॅडिनोव्हायरस चक्क बॅक्टेरियासारखं दाट कन्सॉलिडेशन करतो. पण सीटीवरून विषाणूचं नाव सांगायचा मोह आवरा. नाव स्वॅबच्या आरटी-पीसीआरलाच सांगू द्या. फ्लूची शंका असेल तर फिजिशियन तेवढीही वाट न पाहता ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

खरी पंचाईत सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची. ट्री-इन-बड दिसलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो आणि आठवायलाच हवा; वरच्या भागात पोकळी आहे का ते बघा. गाठीभोवती धुक्याचं कडं असेल तर अॅस्परजिलस बुरशी. मधोमध काच आणि कडा मोकळ्या असतील तर न्यूमोसिस्टिस ही दुसरी बुरशी. ब्लिओमायसिन हे केमोचं औषध किंवा इम्युनोथेरपी यांच्यानंतर औषधाचाच न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसांची सूज, होऊ शकतो. आणि सावलीची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, तर रेडिएशन कुठे दिलं ते शोधा. ही माहिती रुग्णाच्या पिशवीत असते. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची जाड फाइल टॉवेलच्या दुकानाच्या पिशवीत घालून नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात. (देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये त्याच बार्शीत सुरू झाली, हे इथे शिकणाऱ्याला माहीत असावं.) उठून बाहेर जा, फाइल मागा, जुना सीटी असेल तर तोही मागा. विडी-तंबाखूत वर्षं घालवलेल्या फुप्फुसांत जुने डाग असतातच.

आणखी एक, पुस्तकात न सापडणारं. श्वास नीट न भरता काढलेल्या सीटीत पाठीकडचा भाग उगाच धुरकट दिसतो. अशोक चौकाच्या बाजूने येणाऱ्या कितीतरी आज्यांना तेलुगूच कळतं. मशीनमधला हिंदी आवाज "साँस रोकिए" म्हणत राहतो आणि त्या निवांत श्वास घेत राहतात. आमच्या टेक्निशियनने मला "ऊपिरि पील्चंडि" (श्वास आत घ्या) शिकवलं तेव्हा माझे निम्मे 'संशयास्पद' रिपोर्ट कमी झाले. तरी शंका उरलीच तर पालथं झोपवून पुन्हा दोन-चार स्लाइस घ्या. नुसत्या वजनाने आलेला धुरकटपणा निघून जातो.

अशा रुग्णाला मास्क लावून शेवटी घ्या, मग मशीन पुसा. प्रतिकारशक्ती पडलेली माणसं सर्दी ओसरल्यावरही कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतात, आणि नंतर त्याच टेबलावर केमोचाच दुसरा रुग्ण येऊ शकतो.

मावशी बऱ्या झाल्या, पण पुढचा डोस लांबला. तेव्हापासून कागदावर केमोची तारीख नसली की मी वॉर्डात फोन लावते. सिस्टर वैतागतात, "मॅडम, परत तुम्हीच का?" मी हो म्हणते आणि तारीख लिहून घेते.