अंक खोडून लहानात लहान संख्या: स्टॅक कसा लावायचा

नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या मुलांना स्टॅकचा पुश-पॉप तोंडपाठ असतो: स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेली रास, नवी गोष्ट वर ठेवायची ती पुश आणि सगळ्यांत वरची काढायची तो पॉप. तरी कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटवर रात्री ८:०५ ची कॉन्टेस्ट सुरू झाली की तोच नेमका सुचत नाही, कारण प्रश्नात ‘स्टॅक वापरा’ असं कुणी लिहून देत नाही. ते ओळखायला शिकायचं, तर हा प्रश्न फार चांगला आहे: अंकांची एक स्ट्रिंग (अंकांची सलग ओळ) आणि ‘के’ ही संख्या दिली आहे. त्यातले बरोबर ‘के’ अंक खोडा, उरलेल्यांचा क्रम बदलू नका, आणि राहिलेली संख्या लहानात लहान हवी.

कोडला हात लावण्याआधी वही घ्या. ५३८२७ मधून २ अंक खोडायचे आहेत. सगळ्यांत मोठे दोन, म्हणजे ८ आणि ७ खोडले तर ५३२ उरतात. खरं उत्तर आहे ३२७. किती अंक उरणार हे आधीच ठरलंय, त्यामुळे सगळा खेळ डावीकडच्या जागांचा आहे. मोठ्या अंकानंतर लगेच लहान अंक आला, की तो मोठा खोडायचा.

आता डावीकडून एकेक अंक घ्या. नव्या अंकाची तुलना फक्त शेवटच्या टिकलेल्या अंकाशी करायची. तो खोडला गेला, तर त्याच्या आधीच्याशी. जे शेवटी ठेवलं तेच आधी तपासायचं, हीच स्टॅकची खूण. वरचा अंक नव्या अंकापेक्षा मोठा आहे आणि ‘के’ शिल्लक आहे, तोवर पॉप करा. मग नवा अंक पुश करा. इथे अट एकदाच तपासणारा इफ नको, अट खरी असेपर्यंत फिरत राहणारा व्हाइल लूपच हवा.

का, ते नागपूर जीपीओच्या पिनकोडवर बघा: ४४०००१, ‘के’ २. पहिला ४ आत. दुसरा ४ आला. बरोबरीच्या अंकाला हात लावायचा नाही, तोही आत. मग ० आला आणि एकामागून एक दोन्ही ४ बाहेर गेले. इफ लिहिला असता तर एकच गेला असता. स्टॅकमध्ये शेवटी ०००१ राहतं. सुरुवातीची शून्यं काढली की उत्तर १.

ही शून्यं काढायला पायथनमध्ये इंट (स्ट्रिंगची संख्या करणारं फंक्शन) वापरू नका. आवृत्ती ३.११ पासून ४३०० हून जास्त अंकांची स्ट्रिंग दिली तर तिथे एरर येतो. स्ट्रिंगच्या डावीकडची नको ती अक्षरं काढणारं एलस्ट्रिप पुरेसं आहे. स्टॅक म्हणून पायथनमध्ये लिस्ट घ्या, जावामध्ये स्ट्रिंगबिल्डर; सी प्लस प्लसमध्ये तर उत्तराची स्ट्रिंगच स्टॅकचं काम करते, पुश-बॅक आणि पॉप-बॅक तिच्यातच आहेत.

वेळेची काळजी नको. प्रत्येक अंक एकदाच आत जातो आणि फार तर एकदाच बाहेर येतो, म्हणून १ लाख अंकांनाही सुमारे २ लाख पुश-पॉप. दर वेळी सुरुवातीपासून शोधून स्ट्रिंगच्या मधून अंक काढत बसलात, तर हाच आकडा अब्जांत जाऊ शकतो.

सबमिट करण्याआधी तीन केस हाताने चालवा. १२३४, ‘के’ २: लूपमध्ये काहीच पॉप होत नाही, म्हणून उरलेला ‘के’ शेवटून कापायचा, उत्तर १२. ११२, ‘के’ १: उत्तर ११. इथे १२ आलं तर तुम्ही बरोबरीचा अंकही पॉप करताय. आणि ७, ‘के’ १: स्टॅक रिकामा होतो, तेव्हा रिकामी ओळ न छापता ० छापा.